घोटाच्या आधी

व्हिस्की चाखायला येणाऱ्या पर्यटकांनी मावशीची चॉकलेटं आजही अर्धवट टाकली, तर उद्यापासून कारखान्यातली मागवायची, असं डिस्टिलरीच्या मालकांनी बजावलं होतं. जीव मुठीत धरून ती पहिल्यांदाच स्वयंपाकघराच्या दाराआडून बघत होती. तिचा भाचा व्हिस्कीचे ग्लास भरत पर्यटकांना रुबाबात सांगत होता, "आधी घोट, मग चॉकलेट!" पहिल्याच पाहुणीने तोंड वाकडं केलं. "केवढं कडू!" मावशीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तिची चॉकलेटं तर घोटाच्या आधी खायची होती की! एप्रनला हात पुसत ती थेट टेबलापाशी धडकली. "थांबा! चॉकलेट आधी. चावायचं नाही हं, विरघळू द्या. आता घोट." भाचा पुटपुटला, "मावशी, तू व्हिस्की कधी चाखली तरी आहेस का?" "वास घेतलाय की! नाक आहे मला!" पाहुण्यांनी तिने सांगितलं तसं करून पाहिलं. मग त्याच पाहुणीने नवऱ्याच्या बशीतला तुकडाही हळूच पळवला.