दारातला थांबा

मिरजेच्या इस्पितळातून अण्णांना घेऊन निघालेली एकाच माणसापुरती, चाकांवर आपली आपण चालणारी फिरती खोली तिथेच रेल्वेगाडीला जोडली गेली, लोणंदला गाडीपासून सुटी झाली आणि गल्लीबोळ काढत लेकीच्या, हेमलताच्या, दारात येऊन उभी राहिली. दार सरकलं. आत अण्णा चष्मा लावून, मान जराशी कलती करून बसले होते.

“उतरू नका हं, अण्णा! दवाखान्यातनं आलाय, आधी भाकरतुकडा ओवाळते,” म्हणत हेमलता आत पळाली. भाकरी टोपल्यात होती, पण मेला तांब्या काही सापडेना.

ती बाहेर आली, तर खोली दार मिटून गल्लीच्या टोकाला वळत होती.

“अहो अण्णा, कुठं निघालात?”

उत्तर तिच्या फोनमधून, त्या खोलीच्या आवाजात आलं. “प्रवाशाची नाडी वाठार स्टेशन सुटल्यावर थांबली. घरच्यांसाठी ठेवलेला अंत्यदर्शनाचा थांबा संपला आहे. पुढचं ठिकाण, स्मशानभूमी.”

शब्द कानावर पडले, पण हेमलताला काही उमगेना. भाकरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

तेवढ्यात दुसरी, रिकामी खोली दारात येऊन थांबली.

“बसा, हेमलताताई,” ती अदबीनं म्हणाली. “अंत्ययात्रेत तुमची जागा राखून ठेवली आहे.”