समईभोवतीचं वलय

शाळेतून रिटायर झाल्यापासून ठाकुर्लीच्या त्या सोसायटीत प्रमोदिनीताईंना कुणी विचारेनासं झालं होतं. मग एका संध्याकाळी त्यांना देव्हाऱ्यातल्या समईभोवती तेजोवलय दिसलं आणि त्यांचे दिवसच पालटले. मुलीचं स्थळ, नवऱ्याची बदली, रीडेव्हलपमेंटला सही करायची की नाही, सगळं घेऊन बायका त्यांच्या हॉलमध्ये नंबर लावून बसू लागल्या. वलय मोठं दिसलं तर होकार, बारीक दिसलं तर नकार.

पण चहात दुसऱ्यांदा मीठ पडलं, तेव्हा मुलगा सौमित्र त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

"काकू, दिव्याभोवती वलय दिसतं का?" डॉक्टरांनी विचारलं.

"अगबाई!" ताई हरखल्या. "तुम्हालाही दिसतं?"

"मला नाही दिसत. तुमच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. ऑपरेशन केलं की लख्ख दिसेल, वलयंबिलयं सगळी बंद."

"बघ आई, मी म्हणत नव्हतो?" सौमित्र म्हणाला.

ताईंनी आधी एक डोळा झाकून छताच्या दिव्याकडे पाहिलं, मग दुसरा.



"मग एकाच डोळ्याचं करा, डॉक्टर. दुसऱ्यावर अख्खी बिल्डिंग विसंबून आहे."