वरचा माणूस

"बाबा, उतरा ना!" निकेश चौथ्यांदा ओरडला. पुण्यातल्या भुयारी मेट्रोच्या सरकत्या जिन्यापाशी नानाजी कठडा धरून उभे होते. अकराला डोळ्यांच्या डॉक्टरनं बोलावलं होतं आणि साडेदहा इथंच वाजले होते.

"तू जाय खाली. मी वरतंच थांबतो."

"डोळे तुमचे दाखवाचे हायेत! मी एकटा जाऊन काय करू?"

"चाळीस वर्षं इहिरी खोदल्या," नानाजी म्हणाले, "पण बाप-लेक कधी संगच खाली उतरलो नाई. दोर धराले एक जण वरतं लागतेच. आन् खालचे वर येईपर्यंत त्यानं बसाचं नाई."

निकेशनं कपाळावर हात मारला. आता मेट्रोत दोर कुठून आणायचा? वैतागून त्यानं अल्लीपूरला आईला फोन लावला. "आई, तूच समजाव बाबाले!"

नानाजींनी फोन हिसकावून घेतला. "देवका, आमी दोघंही जमिनीखाली जाऊन राह्यलो. वरतं तू हाय, बरं का!" एवढं बोलून त्यांनी निमूटपणे खाली जाणाऱ्या जिन्यावर पाय ठेवला.

घाईघाईत निकेशनं उलट्या दिशेची गाडी पकडली. परत फिरून, योग्य स्टेशन गाठून वर येईस्तोवर सव्वा तास गेला. डॉक्टरची वेळ केव्हाच टळली होती आणि नानाजी म्हणत होते, "पहिले घरी फोन लाव."

"आलो आमी वरतं!" निकेश फोनवर खेकसला.

"दोघंही?" देवकाबाईनं विचारलं.

"हो, दोघंही!"

"मंग आता बसू का मी?"