नदीकडं तोंड केलेला फ्लेक्स

“माधवे, ह्यो माजा आकाश न्हाई. ह्ये नुसतं चौकोन हायेत.” भामाबाई फ्लेक्सला नाक लावून उभ्या होत्या.

त्यांच्या आकाशच्या वर्षश्राद्धाचा दहा फुटी फ्लेक्स कार्ल्याच्या नदीघाटावर नुकताच बांधून झाला होता. असले फ्लेक्स रस्त्याकडं तोंड करून लागतात. पण भामाबाई हटून बसल्या होत्या, “त्यो जिकडं गेला तिकडंच बगू दे.” म्हणून याचं तोंड इंद्रायणीकडं. गेल्या वर्षी पोराला पाण्यातून काढलं तेव्हा आईला चेहरा दाखवला नव्हता. त्याचा मोबाईलही नदीतच राहिला. एकदा त्याला डोळे भरून बघावं, एवढ्यासाठीच ती माउली वर्षभर झुरत होती.

फ्लेक्स केला होता माधवीनं. पंचक्रोशीतले सगळे वाढदिवस आणि बैलगाडा शर्यती तिच्याच कॉम्प्युटरमधून निघायच्या. ती म्हणाली, “मावशी, मित्रांच्या ग्रुप फोटोतून कापलाय हा. मोबाईलवर नखाएवढा चेहरा, ठिपके दाटीनं बसतात, म्हणून रेखीव दिसतो. तेच ठिपके दहा फुटांवर पसरले की चौकोन होणारच. जरा लांबून बघा, दिसेल.”

भामाबाई फ्लेक्सवरची नजर न काढता मागं मागं घाटाच्या पायऱ्या उतरू लागल्या.

“व्हय गं, नाक आलं.” आणखी दोन पायऱ्या. “आता व्हट.”

घोट्याला पाणी लागलं तरी त्या थांबेनात. माधवी चपलांसकट पाण्यात धावली आणि त्यांचा दंड धरला.

“मावशी, बास झालं! पुढं खोल आहे.”

“डोळं ऱ्हायल्यात गं. अजून मिटल्यागत दिसत्यात.”

माधवी काठाकडं ओढत होती, भामाबाई मागं सरकत होत्या; त्या ओढाओढीत दोघी कमरेएवढ्या पाण्यात गेल्या. माधवीनं त्यांना गच्च धरलं आणि घाटाकडं वळून पाहिलं. त्या फोटोत चेहऱ्याच्या रुंदीला फक्त चाळीस ठिपके होते, तिनं स्वतः मोजले होते. चाळीस ठिपक्यांत पापण्यांचे केस मावत नाहीत. आता तिला एकेक केस दिसत होता. आणि डोळे उघडायला अगदी थोडंच राहिलं होतं.

‘चला’ म्हणायला तिनं तोंड उघडलं.

“मावशी,” ती म्हणाली, “अजून एक पाऊल मागं घेऊ.”