भिंतीतला तडा

तडा पहिल्यांदा प्राचार्यांनाच दिसला. सोमवारी सकाळी ते सहज म्हणून चित्रकलेच्या स्टुडिओत शिरले, समोरच्या भिंतीवर छतापासून कमरेच्या उंचीपर्यंत उतरलेली ती काळी भेग पाहिली आणि आल्या पावली मागे फिरले. दहा मिनिटांत सगळे बाहेर आणि दाराला कुलूप.

शेवटच्या वर्षाची एक मुलगी तेवढ्यात जिना चढून आली. काहीतरी सांगायला तिने तोंड उघडलं, पण प्राचार्य कोणाचं ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. एखादं पोर खाली सापडलं असतं तर, असं त्यांनी तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज कापला, आणि ती घाबरून गप्प बसली.

"रविवारी दिवसभर तू एकटी आत होतीस," शिपाईमामा तिला म्हणाले. "नशीब समज."

इंजिनियर आले, दारातूनच टॉर्च मारला आणि अहवालासाठी महिनाभराची मुदत मागून गेले. भिंतीला टेकवलेली शिडी काढायचीही कोणाची छाती झाली नाही.

वार्षिक काम जमा करायला तीन आठवडे उरले होते. ते दिल्याशिवाय पदवी नव्हती. सरांनी तिचं काम दोनदा परत केलं होतं. हात चोख आहे, पण बघणाऱ्याचं काही हलत नाही, हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

तिचे बाबा शिंपी. त्यांनी कापड बेतायचं टेबल अर्धं रिकामं करून दिलं. आईने कपाट सरकवून उजेड मोकळा केला. ओल्या रंगाला दोरे चिकटायचे, सुईचं खोकं सारखं सांडायचं, पण तिने तक्रार केली नाही. मशीन काढलं, कात्री काढली, बाबांची वाकलेली मान काढली. तिन्ही खरवडून टाकली.

"जागेचं अडतंय का गं?" बाबांनी विचारलं.

"जागा छान आहे, बाबा. जमलेलं काम स्टुडिओत राहिलंय. त्यापुढे हे सगळं फिकं वाटतं."

बाबांनी टेबलावरचं उरलेलं कापडही उचललं, आणि तिला रडूच आलं.

कॉलेजात गेली की ती मामांकडे तड्याची चौकशी करायची.

"रोज बोटभर वाढतोय," मामा शपथेवर सांगायचे. "काल करकर आवाज आला."

"नाही वाढायचा तो, मामा."

"तू कधीपासून इंजिनियर झालीस?"

काम जमा करायच्या दिवशी हॉलमध्ये सगळ्यांची चित्रं ओळीने लागली. ती तेवढी रिकाम्या हातांनी उभी होती. सरांना तिची खरंच दया आली. चित्र आत अडकलंय हे त्यांच्या कानावर आलं होतं. मामा जिवावर उदार होऊन आत जायला तयार होते, आणि प्राचार्यांनी नाइलाजाने किल्लीही काढून दिली होती.

"कुठे ठेवलंयस, तेवढं नीट सांग," सर म्हणाले. "मामा पटकन उचलून आणतील."

तिने एकदा प्राचार्यांकडे पाहिलं. पदवी जाणार तर आता दोन्हीकडून जाणार होती.

"त्यांना ते उचलता येणार नाही, सर. बघायला तुम्हालाच आत यावं लागेल," ती म्हणाली. "आणि कमरेच्या खालचा भाग अजून रंगवायचा राहिलाय."