आठ मिनिटं

"आता कुणीही सेव्ह करायचं नाही," ती म्हणाली आणि तिने मेन स्विचवर हात ठेवला.

सातही टेबलांवरचे लोक तिच्याकडे बघत राहिले. श्वास घेऊ नका म्हटलं असतं तरी इतके घाबरले नसते.

ऑफिस पुलांचे आराखडे काढणाऱ्यांचं. सात टेबलं, सात कॉम्प्युटर, आणि आज सकाळपासून प्रत्येक टेबलाखाली एक नवाकोरा यूपीएस. वीज गेली की त्यातल्या बॅटरीवर कॉम्प्युटर आठ मिनिटं चालणार. वायर ओढण्यापासून स्क्रू पिळण्यापर्यंत सगळं तिने एकटीने केलं होतं. स्वतःच्या नावावर घेतलेलं तिचं हे पहिलंच काम. ऑफिसच्या मालकीणबाईंनी ते दिलं कोपऱ्यातल्या टेबलावरच्या माणसाच्या शब्दावर, आणि तो माणूस म्हणजे तिचे बाबा. चाचणीत एक जरी पडदा विझला तरी सातही डबे परत, असं बाईंनी अगदी गोड आवाजात बजावलं होतं.

नकली फाइल उघडून चाचणी घेऊ, असंही त्यांनी सुचवून पाहिलं. तिला ते पटेना. नकली फाइल गेली काय आणि राहिली काय, कुणाचं काय बिघडतंय? रोजचं काम चालू असताना वीज तोडायची, तीन मिनिटं तोडलेलीच ठेवायची, तर ती खरी परीक्षा. पण सेव्ह न करता काम करायला तयार कोण होणार? जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला.

"मी करतो," बाबा म्हणाले.

खोलीत हशा पिकला. ऑफिसात बाबांना सेव्हकाका म्हणत. फार पूर्वी एकदा वीज गेली आणि त्यांची तीन दिवसांची मेहनत पाण्यात गेली. तेव्हापासून एक रेघ मारून झाली, की त्यांच्या डाव्या हाताची दोन बोटं सेव्ह करायला धावत. घरी जेवायला बसले तरी दर घासाला तीच दोन बोटं ताटाशेजारी टकटक करायची. आईने बोलून बोलून शेवटी नाद सोडला होता.

तर असे हे सेव्हकाका गेली वीस मिनिटं डावा हात मांडीखाली दाबून पुलाचा खांब काढत बसले होते. खरा पूल, खरा खांब, आराखडा संध्याकाळी पाठवायचा. ते बघून बाकीच्यांनाही लाज वाटली आणि तेही मुकाट्याने कामाला लागले. बाबांच्या कपाळावरचा घाम तिला स्विचजवळूनही दिसत होता. आपल्यावर कुणी एवढा भरवसा टाकावा, या विचाराने तिला भरूनही आलं आणि भीतीही वाटली.

"करू?" तिने विचारलं.

बाबांनी मान डोलावली. तिने मेन खाली ओढला.

दिवे गेले. पंखे रेंगाळत थांबले. टेबलांखालून सात यूपीएस एकदम पी-पी करत ओरडायला लागले, आणि अंधारलेल्या खोलीत पडदे मात्र तसेच लख्ख! एक, दोन, तीन, चार... कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. तिला तर नाचावंसं वाटत होतं. पाच, सहा.

सातवा पडदा काळा होता. बाबांचा.

टाळ्या थांबल्या. मालकीणबाईंनी चष्मा काढला. बाई चष्मा काढायच्या त्या कुणाला तरी सुनावायच्या आधी. बाबा मात्र वाकून कॉम्प्युटरच्या डब्याला कान लावून बसले होते.

"आत पंखा फिरतोय," ते म्हणाले. "ऐक."

ती धावत आली आणि सरळ टेबलाखाली शिरली. यूपीएसला सॉकेटच्या दोन ओळी होत्या. वरच्या ओळीला बॅटरी. खालच्या ओळीला बॅटरी नाही, ती नुसती विजेच्या झटक्यापासून वाचवते. कॉम्प्युटरची पिन वरच होती. पडद्याची खाली! सकाळी तिने दोन्ही पिना स्वतःच्या हाताने वरच्या ओळीत खोचल्या होत्या.

"बाबा, इथे हात कुणी लावला?"

बाबांनी टेबलाखाली डोकावून पाहिलं.

"अगं, वायर एकमेकींवरून जात होत्या. बघवेना मला. सरळ केल्या."

जन्मभर सरळ रेघा मारलेल्या माणसाला काय बोलणार? तिने पिन उपटली, वर खोचली. पडदा उजळला. पुलाचा खांब जसाच्या तसा उभा होता, शेवटची रेघ तेवढी अर्धवट. खोलीत एकच गलका झाला. मालकीणबाईंनी चष्मा पुन्हा चढवला. हा पडदा विझल्याचा दोष तुझा नाही, तुझ्या बाबांचा, असं म्हणून त्यांनी वरच्या मजल्यावरची पाच टेबलं उद्याच बघून जायला सांगितलं.

गलक्यात बाकी सहाजणांनी पटापट सेव्ह करून घेतलं. मेन अजून खालीच होता, आणि बाबांचा डावा हातही मांडीखालीच.

"बाबा, झाली चाचणी. आता तरी सेव्ह करा."

"किती मिनिटं राहिली?"

"पाच. पण बॅटरी नवी आहे, तिचा काय भरवसा, तुम्ही आधी—"

"पाच ना?" बाबा आरामात खुर्चीला टेकले. "मग घाई काय आहे? एवढी रेघ पुरी करतो."

आणि ते अगदी सावकाश रेघ ओढायला लागले. ती त्यांच्या खांद्याशी उभी राहून बघत होती. टेबलाच्या कडेवर कुणाची तरी दोन बोटं टकटक करत होती. तिने खाली पाहिलं. तिचीच होती.