लाल झूल

"मावशी, इथं सही करा," म्हणत मॅनेजरने कागद पुढे केला आणि खिशातलं पेन काढून दिलं.

ती इस्पितळातल्या बाकावर बसली होती. आत ऑपरेशन चालू होतं. बाहीला चिकटलेले लाल दोऱ्याचे तुकडे ती मघापासून एकेक करून वेचत होती. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या अंगावर दोरे नसतील तर काय असेल!

"काय लिहिलंय?"

"खेळ चालू असताना थोरल्याने धक्का जोरात दिला, म्हणून तुमचा मुलगा मचाणावरून पडला. थोरल्याने स्वतःच कबूल केलंय. आम्ही पदरचं काही घातलेलं नाही."

थोरला समोरच्या भिंतीला टेकून उभा होता. अंगात अजून खलनायकाचा काळा पोशाख, काखेत मुखवटा. येणारीजाणारी लहान पोरं त्याला बघून आईच्या मागे लपत होती.

थोरला म्हणजे तिच्या दिराचा मुलगा. दीर-जाऊ एकाच अपघातात गेले तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि तिचा धाकटा दोनचा. दोघांना तिने एका ताटात जेवू घातलं, एकाच ताग्यातले शर्ट शिवले. तिने कधी डावं-उजवं केलं, असं म्हणायची कोणाची छाती झाली नसती.

मोठे झाल्यावर दोघं एकाच ठिकाणी कामाला लागले. शहरातल्या करमणूक बागेत रोज दुपारी खेळ व्हायचा. उंचावरून झेप घेणारा नायक आणि त्याला पाण्यात पाहणारा खलनायक. थोरला नायक, धाकटा खलनायक आणि कपडे शिवायला ती. दोघांची मापं तंतोतंत सारखी, म्हणून तिने कागदाचा साचा एकच ठेवला होता. साचा सुलटा ठेवून नायकाचं लाल कापड कापायचं, उलटा करून खलनायकाचं काळं. पाठीवर लोंबणाऱ्या कापडाला जाहिरातीत काहीतरी भारदस्त नाव होतं. ती त्याला झूल म्हणायची, मग सगळेच म्हणायला लागले. मुखवटे चढवून दोघं समोरासमोर आले की एकच माणूस आरशाशी भांडतोय असं वाटे.

फरक एवढाच, की एकाला टाळ्या मिळत आणि दुसऱ्याची हुर्यो उडे.

पोटच्या पोराची हुर्यो रोज ऐकणं सोपं नसतं. खेळाच्या वेळी ती शिवणखोलीची खिडकी लावून घ्यायची. एकदा तिने मॅनेजरला म्हणून पाहिलं होतं, "जरा आलटूनपालटून करा की."

"थोरल्याच्या उडीवर पोरं जीव टाकतात, मावशी," तो हसत म्हणाला होता. "त्याची फजिती होईल त्या दिवशी बघू."

तीही हसली होती.

"काकू," थोरला आता जवळ आला. "आज त्याचा वाढदिवस ना. म्हटलं, रोज शिव्या खातोस, आज टाळ्या खा. मुखवट्याआड कोण आहे ते कोणाला कळतंय? लाल पोशाख मीच त्याच्या अंगात चढवला. नको नको म्हणत होता तो."

"मला सांगायचंस." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "एका शब्दाने मला सांगायचंस."

"येणारच होतो सांगायला. मग म्हटलं, खेळ झाल्यावर मुखवटा काढून तुम्हाला चकित करू."

तिने तोंड फिरवलं.

मॅनेजर घसा खाकरून म्हणाला, "पोलिसांना कागद द्यायचाय. याला कामावरून तर काढावंच लागेल. पुढचं ते ठरवतील."

तिने थोरल्याकडे पाहिलं. त्याने मान हलवली, करा म्हणून. तिने रेघेवर सही केली. मॅनेजर कागदाची घडी करून निघून गेला.

थोड्या वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "जीवावरचं टळलंय. काही महिन्यांनी चालेलसुद्धा. उड्या मात्र आता विसरायच्या."

थोरला तिच्या पायाशी मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला. तिचा हात त्याच्या डोक्याकडे गेला आणि मध्येच थांबला. तिला स्वतःची किळस आली.

मग डोळे पुसून त्याने इकडेतिकडे पाहिलं, मुखवट्यात कोंबलेलं लाल कापड काढलं आणि हळूच तिच्या मांडीवर ठेवलं.

"कोणी बघायच्या आत मी झूल उचलली. रोज तो मला देतो तेवढाच धक्का मी दिला होता, काकू. डाव्या खांद्यावरची शिवण सुटली, झूल घसरली आणि त्याच्या पायात अडकली."

"मग तू असं का सांगितलंस?"

"ही झूल मॅनेजरच्या हाती लागली असती तर शिलाई कच्ची म्हणून तुमच्यावर आलं असतं. एवढे ढीगभर कपडे शिवता, एखाद्या वेळी राहून जातं. मनाला लावून घेऊ नका. घरी गेल्यावर जाळून टाका."

तिने खांद्याच्या कडेवरून बोटं फिरवली.

तिच्या हातची शिवण आजवर कधी सुटली नव्हती. आजही सुटली नव्हती. सकाळी खिडकी लावून घेऊन सात टाके तिने स्वतः कापले होते, आणि दोन मुद्दाम ठेवले होते, थोरल्याची उडी सुरू होईपर्यंत पुरतील एवढे.